तेरा तारखेचं शून्य

मुकुटबनच्या वळणावर संगीताची स्कूटी पंक्चर झाली आणि मागून आलेल्या एका तरुणानं, काही न विचारता, तिची औषधांची पिशवी स्वतःच्या गाडीला अडकवली.

"चोर हाय का तुम्ही?"

"नाही... संख्याशास्त्रवाला. संघदीप. तुमच्याच संस्थेनं बोलावलं."

संगीता नर्स. ज्या लेकरांचा आजार आता बरा होणार नाही, त्यांचं दुखणं निदान कमी व्हावं म्हणून ती घरोघरी जायची. ही लेकरं घरी सुखात राहतात की दवाखान्याच्या वॉर्डात, हे आकड्यांनी ताडून पाहायला संघदीप आला होता. महिनाभर तो तिच्यासोबत गावं-तांडे हिंडला. आकड्यांपेक्षा तिच्याकडेच जास्त पाहायचा आणि पकडला गेला की कानापर्यंत लाल व्हायचा. तिलाही ते आवडायचं, लपवायचं कशाला!

म्हणून त्या दुपारी तो नजर चुकवत आला, तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"वॉर्डातल्या लेकरांचं दुखणं घरच्या लेकरांपेक्षा निम्मं निघालं, संगीता. संस्थावाले सोमवारी तुह्या घरभेटी बंद करून राह्यले."

"महिनाभर माह्या हातचा चहा पेला... अन् हे?" तिनं त्याच्या हातातले कागद हिसकले. वॉर्डातल्या रोजच्या दुखण्याच्या तक्त्यात एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"ही भुरीबाईची नात. बारा तारखेले गेली, वॉर्डात मीच होती तिच्यापाशी. मंग तेराले, चौदाले, पंधराले शून्य कोनं लिहिलं?"

"शून्य म्हंजे... दुखत नाही—" तो बोलता बोलता थिजला.

वॉर्डात तक्ता कोरा ठेवायचा नाही, असा नियम. मूल गेलं तरी पुढचे रकाने शून्यानं भरायचे. संगीता मात्र ते कोरे सोडायची. आणि संघदीपनं त्या शून्यांसकट सगळ्याची सरासरी काढली होती.

एकेक नाव विचारत त्यानं ती शून्यं खोडली. एकोणीस लेकरं निघाली. उरलेल्या आकड्यांत घरच्या लेकरांचंच दुखणं कमी होतं.

"गेलेल्या लेकरांले मी सुखी समजलो..." त्याला रडू फुटलं. "सोमवारी सर्वांपुढं चूक सांगतो. भेटी बंद होऊ देत नाही. अजून एक सांगाचं होतं तुले, पण आज कोन्त्या तोंडानं..."

तिचेही डोळे वाहत होते. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"आजच सांग. माह्या लेकरांनी मले उद्यावर काही टाकू देल्लं नाही."

"मले तू आवडते... लय," तो अडखळत म्हणाला.

"ठाव हाये. सोमवारी मीबी येते संगं."