यादीत एकच उरलं

पलंगाखालून तिला आधी फक्त चपला दिसल्या. पुरुषाच्या, धुळीनं माखलेल्या. मग एक बटाटा घरंगळत आला आणि तिच्या नाकाशी थांबला.

"कोण आहे पलंगाखाली?" वरून आवाज आला. "बाहेर या! नाहीतर... नाहीतर मी ओरडेन!"

"ओरडू नका, बाळ उठेल," ती खालूनच म्हणाली. "आणि हा तुमचा बटाटा घ्या. माझं दोन मिनिटांचं काम उरलंय."

आता तुम्ही म्हणाल, भरदुपारी ही बाई परक्या पलंगाखाली काय करत होती? तर तेच तिचं काम. मुलांना घरातल्या घरात इजा होऊ नये म्हणून झटणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती होती. मूल भाजल्यावर, पडल्यावर हळहळायला अख्खी गल्ली येते. ही त्याच्या आधी यायची. घरात शिरायचं, गुडघ्यांवर बसायचं आणि रांगत रांगत सगळं घर पालथं घालायचं, कारण रांगणाऱ्या मुलाला जे दिसतं ते उभ्या माणसाला जन्मात दिसत नाही. संस्थेत सगळे तिला 'गुडघेताई' म्हणायचे. लग्नाच्या बाजारात हे नाव काही फारसं कामाचं नाही, असं तिची आई म्हणायची.

ती बाहेर आली. समोर एक उंच तरुण, एका हातात भाजीची पिशवी, कपाळावर दोऱ्यानं बांधलेलं भिंग. पायाशी बटाटेच बटाटे.

"ताई गच्चीवर कपडे वाळत घालतायत," ती म्हणाली. "त्यांनीच बोलावलं मला. तुम्ही त्यांचे भाऊ ना? घड्याळजी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"भिंग काढायचं विसरलात."

तो कानापर्यंत लाल झाला. भिंग काढता काढता त्याचं लक्ष तिच्या केसांकडे गेलं. "तुमच्या इथे... जाळं..." त्यानं हात पुढे केला, मग काय वाटलं कोण जाणे, मागे घेतला आणि आपल्याच डोक्यावर जागा दाखवली. "इथे."

तिनं जाळं काढलं. उगाचच दोनदा हात फिरवला.

घर दोन खोल्यांचं. ताई नर्स, दिवसपाळीला; आज तेवढी सुट्टी होती. मेहुणे जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. म्हणून पुढच्या खोलीत मामानं घड्याळदुरुस्तीचं टेबल थाटलं होतं आणि दुरुस्ती करता करता तो भाचीला सांभाळायचा. भाची सव्वा वर्षाची. जमिनीवरचा कण न् कण टिपून तोंडात घालायची, म्हणून तिचं नाव मुंगी.

गुडघेताईनं पिशवीतून प्लॅस्टिकची एक आखूड नळी काढली. "ह्या नळीतून जे जातं ते मुंगीच्या घशातही जातं. टाका बघू एकेक."

त्यानं पेनचं टोपण टाकलं. गेलं. स्क्रू गेला. घड्याळाची किल्ली गेली. "बटाटा?" त्यानं विचारलं.

"बटाटा नाही जाणार."

"हुश्श! एक तरी वस्तू पास झाली."

ती हसली. मग टेबलाच्या उघड्या ड्रॉवरमधून तिनं चकचकीत, गोल, नखाएवढा सेल उचलला, आणि तिचं हसू गेलं. "हा गिळला ना, तर दोन तासांत आतून भाजतं. बाहेरून काहीच दिसत नाही. तुमच्याकडे असे किती आहेत?"

"शंभरेक असतील," तो हळूच म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता.

यादीत अकरा दोष निघाले. संस्थेचा नियम साधा होता: यादी कोरी होईपर्यंत फेरी.

तीन आठवड्यांनी ती परत गेली, तर अकरातले दहा निस्तरलेले. इस्त्रीची वायर वर, औषधं कुलपात, खिडकीखालचं स्टूल हद्दपार, सेलच्या ड्रॉवरला मुलांना उघडता येणार नाही अशी कडी. फक्त खिडकीची साखळी राहिली होती.

"माणूसच मिळाला नाही हो," घड्याळजी खाली मान घालून म्हणाला.

"केसाएवढी चाकं बसवता, आणि साखळीला माणूस शोधता?"

"मोठ्या वस्तूंचा अंदाज येत नाही मला." त्यानं भिंगातून तिच्याकडे पाहिलं. "आता हे... डोळे केवढे दिसतायत."

"भिंग काढा."

"काढलं तरी तेवढेच दिसतायत."

तिनं घाईघाईनं यादीवर काहीतरी खरडलं. घरी गेल्यावर वाचलं, तर मुलाच्या वयाच्या रकान्यात तिनं 'मोठे डोळे' लिहिलं होतं. आता बोला!

तिसऱ्या फेरीला साखळी होती, पण न्हाणीघरात बादली भरलेली. "फक्त आजच राहिली." हरकत नाही, पुन्हा येईन, असं ती म्हणाली, आणि ते म्हणताना आपल्या आवाजाला काय झालंय हे तिचं तिलाच कळलं.

आईलाही कळलं. "आज कुठे रांगून आलीस? गाणं गुणगुणतेयस ते!"

"तुला काहीतरीच दिसतं, आई."

आई गालात हसली. शेजारीण नातवाला घेऊन आली होती. तिच्यापुढे आईनं बिस्किटं ठेवली आणि गार पाणी. चहा नाही. घरात लहान मूल असलं की आई चहाचं भांडं गॅसवर चढवतच नसे. पंचवीस वर्षांत एकदाही नाही. कारण विचारायची कुणाला गरज नव्हती. लेकीच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंतची सुरकुतलेली कातडी समोरच असायची.

चौथ्या फेरीला ती नवीन मोजे घालून गेली. मुंगी शेजारच्या काकूंकडे होती. यादीत एकच उरलं होतं, बादली. बादली रिकामी, पालथी. ती सवयीनं गुडघ्यांवर बसली, टेबलापाशी आली, आणि थांबली.

ड्रॉवरची कडी नव्हती. गेल्या दोन्ही वेळी होती. आता लाकडात स्क्रूची दोन ताजी भोकं होती आणि खाली जमिनीवर पिवळा भुसा.

ती उठून उभी राहिली. "ही कडी तुम्ही काढलीत?"

त्यानं चपलेनं भुसा टेबलाखाली सारला.

"बादलीही मुद्दाम भरून ठेवली होती?"

"यादी कोरी झाली की तुम्ही येणार नाही," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "म्हणून... मुंगी तिकडे गेल्यावरच काढली, आईशप्पथ. तुम्ही गेलात की लगेच लावणार होतो."

एरवी असं बोलणं ऐकून ती विरघळली असती. ह्याच माणसाचं, ह्याच तोंडून ऐकायला तिचे कान कितीतरी दिवस आतुर होते. पण तिनं बाही वर सारली.

"हे बघा. मी दीड वर्षाची होते. आई दाराशी दूध घ्यायला गेली, लगेच येणारच होती. मी टेबलावरचं कापड ओढलं, वरून चहाची किटली आली. 'लगेच' म्हणजे किती असतं, सांगा ना! खिडकी, बादली, सेल... तुम्हाला माझ्याशी बोलायचं होतं तर तोंड होतं ना तुम्हाला? मुलीच्या जिवाशी कशाला खेळलात?"

डोळे भरून आले म्हणून ती तिथे थांबलीच नाही. तडातडा जिना उतरली. यादी संस्थेतल्या दुसऱ्या बाईंकडे दिली आणि त्या घराचं नाव काढायचं नाही असं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. रात्री उशीला कोण समजावणार?

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संस्थेत आईबापांची बैठक असे. तिला 'थोडक्यात वाचलं' म्हणत. ज्याच्या घरी काही होता होता राहिलं त्यानं उठून सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. भिंतीवर मोठ्या अक्षरात एकच नियम होता: 'तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं, असं इथे कुणी विचारायचं नाही.'

त्या शनिवारी आई तिचा विसरलेला डबा द्यायला आली आणि मागच्या खुर्चीवर टेकली. गुडघेताई सतरंजीवर मुलांना ठोकळे देत होती. एक ओळखीचा आवाज आला आणि तिच्या हातातला ठोकळा पडला.

"माझी भाची सव्वा वर्षाची," घड्याळजी उभा होता. मुंगी त्याच्या कडेवर, त्याचं भिंग चावत. "माझ्याकडे घड्याळाचे सेल असतात. ड्रॉवरला कडी लावलेली होती. ती मी स्वतः काढली. का, ते... माझा मूर्खपणा होता म्हणून समजा. एका माणसानं मला त्याबद्दल झापलं आणि ते माणूस गेलं. मी तोंड पाडून बसलो. कडी लावायची राहिली. शेजारच्या काकूंनी हिला आणून सोडलं, मला कळलंच नाही. वळून बघतो तर ही ड्रॉवरपाशी. मूठ तोंडाकडे निघालेली. मुठीत सेल."

त्यानं मुंगीला जरा घट्ट धरलं.

"काढून घेतला. वाचली. कुणाला कळलंही नसतं. पण मला झोप येत नाही. ज्यांची जागा कामाच्या टेबलाशेजारी आहे त्यांनी एवढंच करा, जे लावलंय ते काढू नका. 'लगेच लावतो' म्हणून तर मुळीच नाही."

तो खाली बसला. कुणी काही विचारलं नाही. गुडघेताईनं मात्र ठोकळे बाजूला सारले. कारण एक गोष्ट त्यानं सांगितलीच नव्हती, आणि ती तिला ठाऊक होती.

ती उठली. "मलाही सांगायचंय. धोका दिसला की तो बंद केल्याशिवाय आम्ही घर सोडत नाही. पहिल्या दिवशी आम्हाला हेच शिकवतात. ते माणूस मी होते. ड्रॉवर उघडा दिसला, आणि मी भांडून तशीच निघून आले. सेलचा डबा उचलून वर ठेवायला मला किती वेळ लागला असता?" ती त्याच्याकडे वळली. "चूक ह्यांची एकट्यांची नाही."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. भिंग नव्हतं, तरी त्याचेही डोळे मोठे दिसत होते.

तेवढ्यात मागची खुर्ची सरकली.

"ही माझी मुलगी," आई म्हणाली. हातात डबा अजून तसाच. "हिच्या हातावर चहा सांडला तेव्हा मी दारात दूध घेत होते. 'तू कुठे होतीस?' सासूबाईंनी विचारलं, नणंदेनं विचारलं, डॉक्टरांनी विचारलं. मग ते सगळे थांबले आणि मीच मला विचारत राहिले. पंचवीस वर्षं. हिनं ही नोकरी धरली तेव्हा वाटलं, मला शिक्षा म्हणूनच धरली की काय."

"आई!" ती धावलीच. "अगं, शिक्षा कसली? तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला रडायला लागू नये म्हणून गं..."

मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सगळ्या खोलीनं डोळे पुसले. फक्त मुंगीनं हीच संधी साधून डब्याचं झाकण चाटून घेतलं.

मंडळी पांगल्यावर घड्याळजी दाराशी घुटमळत होता. "दुसऱ्या बाई येऊन गेल्या. कडी पक्की आहे. यादी कोरी झाली." त्यानं मुंगीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आता तोंडानंच विचारतो. तुम्ही मला आवडता. पहिल्या बटाट्यापासून. यादीशिवाय भेटाल का?"

तिनं मुद्दाम जरा वेळ लावला. "मी नाही यायची. चार फेऱ्या मी केल्या. आता तुमची पाळी."

"म्हणजे?"

"म्हणजे रविवारी आमच्याकडे या, असं म्हणतेय ती," आई मागून म्हणाली. "हिच्या भरवशावर राहिलात तर म्हातारे व्हाल. मुंगीलाही आणा."

रविवारी तो आला तो नळी, यादी आणि मुंगी घेऊन. ताईनं त्याला इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलं होतं. आल्या आल्या तो त्याच शर्टात गुडघ्यांवर बसला. एवढा उंच माणूस टेबलाखाली शिरलेला आणि पाठीवर मुंगी बसलेली बघून गुडघेताईला हसू आवरेना. तीही खाली बसली, म्हणजे रांगायला सोबत व्हावी म्हणून. टेबलाखाली जागा अशी कितीशी असणार? त्याचा हात तिच्या डाव्या हातावर टेकला, त्या सुरकुतलेल्या कातडीवर, आणि ह्या वेळी त्यानं तो मागे घेतला नाही.

"पहिला रकाना," तो कुजबुजला. "घरात लहान मूल आहे का?"

"सध्या नाही," ती म्हणाली. आणि आपण काय बोललो हे कळून तिनं जीभ चावली.

"'सध्या' ऐकलं हो मी!" स्वयंपाकघरातून आई ओरडली.

मग पावलं वाजली. टेबलाखालून त्यांना फक्त आईचे पाय दिसले, जपून, एकेक टाकलेले. वर कपांचा आवाज झाला. गुडघेताईनं डोकं बाहेर काढून पाहिलं. मुंगी घरात होती, आणि आईनं चहा केला होता. तीन कप टेबलाच्या बरोब्बर मधोमध, सगळ्यांचे कान आतल्या बाजूला.

"काय बघतेस?" आई म्हणाली. "मुंगीला घट्ट धर, आणि चहा घ्या दोघं. निवेल."