पूर्वहात

कुकरची शिट्टी झाली म्हणून प्राचीनं माऊसवरचा हात उचलला आणि गॅस बारीक करायला ती ओट्याकडं वळली. तेवढ्यात तिच्या कानावर तोफेचा आवाज आला. जेवणाच्या टेबलावरच्या पडद्यावर तिच्या गलबतानं शत्रूची शिडं फाडून काढली होती आणि तिच्या नावापुढं एक गुण वाढला होता. कानातल्या यंत्रातून संघातली पोरं ‘लई भारी, वहिनी’ म्हणून गलका करत होती. वहिनींचा हात मात्र अजून गॅसच्या बटणावर होता.

प्राची इंगवले ही कोल्हापूरच्या जुना चौक तालमीची खेळाडू. या गावात तालमींनी आधी मल्ल घडवले, मग फुटबॉलचे संघ उभे केले, आणि अलीकडं ‘आरमार’ नावाच्या खेळाचे. गलबतं, तोफा आणि पेठापेठांतली जुनी खुन्नस, एवढं असल्यावर कोल्हापूरकराला आणखी काय हवं? प्राची लग्न होऊन या पेठेत आली आणि वर्षभरात संघात गेली. थंडीत गाडीवरून पडली तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या मज्जातंतूला मार बसला. पहिली दोन बोटं सांगितलेलं ऐकायची, पण उशिरा. डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल, आणि पूर्वीसारखी होतील असं वचन देता येणार नाही. तरी ती खेळायला बसली आणि पहिल्या दिवसापासून पूर्वीसारखीच जिंकू लागली. पेठेनं तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. खरं सांगायचं तर तिनंही केलं होतं.

आता ओट्यापाशी उभी असताना तिला कळलं, हा गुण तिच्या हातानं मिळवलेला नव्हता.

पूर्वहात असतो हे सगळ्यांनाच माहीत होतं. घरोघरचे संगणक जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात फक्त एक पडदा असायचा, आणि खेळ चालायचा ‘मेघवाट’ कंपनीच्या शेकडो मैल दूरच्या यंत्रांवर. बोटानं बटण दाबलं की ती खबर तिथवर जाऊन परत यायला वेळ लागे. पापणी लवण्याहून कमीच, पण तेवढ्यात गलबत बुडतं. म्हणून कंपनीनं पूर्वहात काढला होता. खेळाडूनं आजवर कुठं, कधी, काय दाबलं ते लक्षात ठेवायचं, त्यावरून तो आता काय दाबेल याचा अंदाज बांधायचा, आणि त्यानं दाबायच्या आधीच तोफ डागायची. अंदाज चुकलाच तर गुपचूप दुरुस्त करायचा. प्राचीला वाटायचं, प्रश्न पापणीभर वेळेचा आहे.

तिनं मेघवाटच्या मदत-आवाजाला विचारलं. आवाज मोठा गोड होता.

“आपल्या अपघातानंतर आपला हात मंदावल्याचं आमच्या लक्षात आलं,” तो म्हणाला. “आपल्या जुन्या खेळावरून आम्ही आपला दर्जा राखला आहे. आपल्याला काहीही करावं लागणार नाही.”

काहीही करावं लागणार नाही, हेच तिच्या जिव्हारी लागलं. इतके महिने ती दुखऱ्या बोटांना मेणाच्या गोळ्यावर राबवत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आणि जिंकत होती कोण, तर गेल्या वर्षीची प्राची. पूर्वहात बंद करा, असं तिनं सांगितलं. तो बंद होत नाही, असं उत्तर मिळालं. तिच्या बोटांत येईल न येईल, पण त्या क्षणी तिच्या डोक्यात मात्र जोर आला.

संघनायक विश्वजितला तिनं हे सांगितलं तेव्हा तो गडबडला नाही. त्याला आधीच अंदाज होता. वहिनी, तुमचाच हात आहे की तो, जुना काय अन् नवा काय, असं म्हणून त्यानं तिची समजूत घातली. ती ऐकेना तेव्हा खरं बोलला. करारानं तो हात संघाच्या नावावर होता. तिच्या जागी विश्वजितचा चुलतभाऊ नुसता पडद्यासमोर बसला तरी चालणार होतं.

“तुम्ही नाही बसलात तरी हात बसंल, वहिनी.”

“मग रविवारी माझी आणि त्याची लढत लाव,” प्राची म्हणाली. “तीन डाव. मी हरले तर जागा त्याची.”

विश्वजित हसला, पण हो म्हणाला. तालमीत आव्हान दिलेलं परत घेत नाहीत आणि नाकारतही नाहीत.

आता तिला असं यंत्र हवं होतं, ज्यात खेळ घरच्या घरी चालेल. बोट आणि तोफ यांच्यामध्ये हातभर वायर असली की अंदाज बांधायची गरजच उरत नाही. असा संगणक तयार मिळत नव्हता, सुटे भाग आणून जोडायला लागणार होता. आजकाल ते करणारे म्हणजे घरी पापड लाटणाऱ्यांइतकेच उरले होते. राजारामपुरीतल्या मुजावरांच्या दुकानात मागच्या बाजूला असं सामान अजून मिळतं, हे तिला ठाऊक होतं. नवरा पुण्यात नोकरीला, म्हणून सोबत सासूबाई निघाल्या. शालनबाईंना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण घासाघीस हा त्यांचा प्रांत. पेठेतल्या लग्नाचा बस्ता त्यांच्याशिवाय बांधला जात नसे.

मुजावरांनी आधी नवं ग्राफिक कार्ड पुढं केलं, आरशासारखं चकचकीत. प्राचीनं एकच विचारलं, हे माझ्या आधी काही ठरवतं का? मुजावर प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, ताई, हे एक चित्र खरं काढतं आणि मधली सगळी अंदाजानं भरतं, म्हणून तर एवढं गुळगुळीत दिसतं. तिनं ते बाजूला सारलं. मग माळ्यावरून एक जुनं कार्ड निघालं, विटेएवढं जड, तीन पंख्यांचं. ते प्रत्येक चित्र स्वतः काढायचं, त्यामुळं धडपडायचं आणि तापायचं. तिनं ते घेतलं.

प्रोसेसरचंही तेच. नव्यांच्या पोटातच पूर्वहाताची कोठडी होती. जुना एक सीलबंद होता, त्याच्यात ती नव्हती. तो घेतल्यावर त्याला बसणारा मदरबोर्ड जुनाच घ्यावा लागला, मदरबोर्ड जुना म्हटल्यावर मेमरीच्या पट्ट्या जुन्या, आणि या सगळ्या खादाड मंडळींना वीज पुरवायला दांडगा एसएमपीएस. इतकी उष्णता बाहेर काढायची म्हणून कॅबिनेट उंच आणि जाळीचं. दर वेळी प्राची तोच प्रश्न विचारायची आणि मुजावर खोक्यावरचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचायचे. आधुनिक ते सगळं नाकारत जाताना तिला चेव येत होता. मंद असेल, गरम असेल, पण जे करेल ते मी सांगितल्यावर करेल, एवढंच तिचं म्हणणं होतं.

शेवटी शालनबाई पुढं सरसावल्या. मुजावरांना त्यांनी कसं वाकवलं ते सांगत बसत नाही. सौदा तुटता तुटता जुळला, आणि मग त्यांनी ठेवणीतला प्रश्न टाकला.

“आणि वर काय देताय?”

वर काही मिळाल्याखेरीज दुकानाची पायरी उतरायची नाही, हा त्यांचा नेम. मुजावरांनी हसत हसत एक माऊस पिशवीत टाकला. शालनबाईंनी तो विजयी मुद्रेनं पदराखाली धरला.

संगणक जेवणाच्या टेबलावर जोडला गेला. दुखऱ्या बोटांनी बारीक स्क्रू धरताना प्राची दोनदा रडकुंडीला आली, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही. बटण दाबलं तशी तिन्ही पंख्यांनी घरघर सुरू केली आणि घरात पिठाच्या गिरणीसारखा आवाज भरला. तिनं आपल्या नावानं खेळ उघडला, सरावाची लढत लावली आणि जिंकली. मग आणखी एक जिंकली. बोटं बरी झाली होती! ती सासूच्या गळ्यात पडली आणि मनसोक्त रडली. शालनबाईंनी तिची अलाबला घेतली.

“मी पण बघू का गं जरा?” दुसऱ्या दिवशी दुपारी शालनबाईंनी विचारलं. सुनेला एवढं सुख देणारी वस्तू आहे तरी काय, याचं त्यांना कुतूहल होतं.

प्राचीनं त्यांना खुर्चीवर बसवलं. शालनबाईंनी माऊस पोळपाटासारखा दोन्ही हातांनी धरला आणि इकडून तिकडं ढकलला. गलबत डौलात वळलं. तोफ सुटली आणि समोरचं जहाज बुडालं. शालनबाई खूश झाल्या. दुसरंही बुडालं. वार करून डावीकडं वळायचं, शिडाची दोरी सोडून पुन्हा ताणायची, या लकबी प्राचीला लांबूनही ओळखू आल्या असत्या, कारण त्या तिच्याच होत्या.

तिनं माऊस उपटला आणि उलटा केला. दर भाग पारखून घेतला होता, दर खोक्यावरचं अक्षर वाचलं होतं. याला खोकंच नव्हतं. फुकटच्या वस्तूला प्रश्न कोण विचारतो? पूर्वहात त्याच्या पोटात होता. तिच्या खात्यावरून तिचा जुना हात त्यानं मुकाट्यानं उतरवून घेतला होता. कालचं रडणं आठवून तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शालनबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी तो माऊस पिशवीत टाकला. मग चप्पल घालून एकट्याच बाहेर पडल्या. मुजावरांनी नंतर पेठेत सांगितलं की मावशींनी फुकटची वस्तू परत केली, सर्वांत साधा, वायरचा, मुका माऊस निवडला आणि सांगितल्या भावानं पैसे ठेवून निघाल्या. मुजावरांना वाटलं, घरी काही बरं-वाईट झालं की काय.

मुक्या माऊसवर प्राची सगळ्या लढती हरली. बोटं होती तशीच मंद होती. पण हार तिची होती, आणि रविवारपर्यंत ती हरतच राहिली.

रविवारी सकाळी तालमीत अर्धी पेठ जमली. प्राचीनं कॅबिनेट रिक्षातून आणलं. समोर विश्वजितचा चुलतभाऊ पडद्यापुढं हाताची घडी घालून बसला. त्याला खरंच काही करायचं नव्हतं.

पहिला डाव लगेच संपला. जुनी प्राची विजेसारखी होती. तिला समोरून पाहताना नव्या प्राचीला वाटलं, केवढी चांगली खेळायचे मी. हळहळ वाटली, आणि त्यापाठोपाठ राग आला. ती मेली नव्हती, मग तिची पालखी कसली काढत होते हे?

दुसऱ्या डावात तिनं पाठलाग सोडून दिला. वार करून तो हात डावीकडं वळणार, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? बोट उशिरा ऐकतं ना, मग सांगायचंच लवकर. समोर नुसतं पाणी होतं तेव्हा तिनं पाण्यावरच बटण दाबायला घेतलं. बोट रेंगाळत खाली गेलं, तोफ सुटली, आणि जुनी प्राची वळून नेमकी त्या गोळ्यासमोर आली. पोरं उभी राहिली. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. समोरचं गलबत बुडालं, डाव तिचा झाला. आता अंदाज ती बांधत होती.

तिसऱ्या डावाआधी समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘प्रतिस्पर्ध्याची नवी पद्धत शिकून घेतली.’ विश्वजितनं ती मोठ्यानं वाचली. शालनबाई गर्दीतून वाट काढत सुनेच्या खुर्चीमागं आल्या.

“त्याला पण कळलं न्हवं आता?” त्यांनी हळूच विचारलं. “मग गं?”

प्राचीनं बोटं चोळली आणि मुक्या माऊसवर हात ठेवला.

“कळू दे की, आई. आत्तापर्यंतची मी त्याला पाठ आहे. आता मी काय करणार, ते मला तरी कुठं ठाऊक आहे?”