पानावर आहे ते सगळं

त्याची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी पालथी पडलेली होते आणि मला त्याची फक्त पावलं दिसली.

उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सात दिवस मान खाली. खालमानेच्या बायकांवर मी दोन ग्रंथ लिहिले आहेत, त्यांतला एकही सौम्य नाही. आणि आता तीच खालमान मला वैद्यकीय सल्ल्याने बहाल झाली होती. पलंगाच्या कडेबाहेर काढलेली, मध्ये भोक असलेली उशी, भोकाखाली फरशीचा हातभर चौकोन. डाव्या डोळ्याला तेवढंच जग उरलं होतं. सोबत रुग्णालयाचं एक गुळगुळीत पत्रक होतं, ‘स्वतःसाठी एक आठवडा’. धाकट्या बहिणीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. वाचू नका. छान छान ऐका. आणि रडू तर अजिबात नका, डोळ्यावर ताण येतो.

“छान छान म्हणजे काय गं?”

“तू लिहिलेलं सोडून काहीही, ताई,” धाकटी म्हणाली.

अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारं एक ग्रंथालय तिला ठाऊक होतं. मी एकच पुस्तक मागितलं. एका बाईच्या आठवणी. तिच्या मृत्यूनंतर नवऱ्याने ‘संपादित’ करून छापलेल्या. अकरा वर्षं मी ते शिकवते आहे, जवळजवळ पाठच आहे. त्याचं ध्वनिमुद्रण तयार नव्हतं. रोज एक भाग वाचून पाठवू, असं त्यांनी कळवलं. सोमवारी त्यांचा शिपाई रजेवर होता, म्हणून वाचणारा स्वतःच आला.

चौकोनात दोन अनवाणी पावलं येऊन थांबली. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. साऱ्या शृंगारवाङ्मयात नायकाच्या पावलांवर दोन धड ओळी सापडत नाहीत, ही उणीव मला त्या दुपारी प्रथम जाणवली.

“हा... आजचा भाग,” पावलं म्हणाली. आवाज खोल होता, पण स्वतःवर खूश नसलेला. हे दुर्मीळ असतं.

“बसा ना.”

“बसलो तर तुम्हाला दिसेनासा होईन, बाई.”

“आत्ता तरी कुठे दिसताय? नुसती बोटं.”

“त्यांना सांगतो नीट उभं राहायला.” आणि बोटं खरोखरच सरळ झाली.

मंगळवारी दुसरा भाग ऐकत होते. तो घाई न करता, शब्दांवर भार न टाकता वाचत होता. प्रत्येक वाक्य त्याच्याआधी माझ्या ओठांवर येत होतं... आणि मग एक वाक्य आलंच नाही. माझ्या ओठांवर, म्हणजे. आवाज मात्र वाचतच राहिला—

‘आज दिवसभर मी कुणाचं काही केलं नाही. खिडकीत बसून राहिले. घर कोसळलं नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं.’

हे त्या पुस्तकात नाही. अकरा वर्षांत नव्हतं. आणि वाक्य संपताच, अगदी कानापाशी, एक बाई हलकेच म्हणाली, “हं.” मान डोलावताना म्हणतात तसं.

“ऐकलंस?” मी विचारलं.

“काय?” धाकटीने तो तुकडा तीनदा लावला. “ताई, तुला औषध चढलंय.”

कुणाच्या तरी ‘हं’चं कोडं मी एक वेळ सहन केलं असतं. पण बाईच्या तोंडी पुरुषाने वाक्यं घालणं हा वाङ्मयातला सर्वांत जुना बनावट दस्तऐवज आहे, आणि तो मी पुरेसा तपासलेला आहे. संताप दुसऱ्याच गोष्टीचा होता. यंत्र बंद केल्यावरही मला तो आवाज ऐकू येत होता आणि मी त्याला थांबवत नव्हते. हा माणूस बाईच्या शब्दांत हात घालणारा आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. त्यावर माझा उरलेला आठवडा अवलंबून होता. आणि, सांगायला लाज वाटते, आठवड्यापलीकडचंही बरंच काही.

बुधवारी पावलं दिसताच मी विचारलं, “ती वाक्यं कुणाची?”

उत्तरादाखल तो खाली वाकला आणि एक उघडं पुस्तक चौकोनात सरकवलं. “वाचू नका. नुसतं बघा.”

छापील पानाला एक हस्तलिखित पान चिकटवलेलं होतं. ते किरटं, पुढे झुकलेलं अक्षर मी आठवणी लिहिणाऱ्या त्या बाईच्या पत्रांत पाहिलं होतं. तिचंच होतं.

“माझ्या आत्यानं चिकटवलंय. शेजारची शाळकरी मुलगी होती ती तेव्हा. पुस्तकाची सुवाच्य प्रत करायला बाईंच्या यजमानांनी तिला बसवलं. ही पानं गाळ आणि जाळून टाक, म्हणाले. तिनं गाळली. पण जाळली नाहीत.”

“आणि तुम्ही वाचलीत.”

“वाचावीच लागतात. आमच्याकडे नियमच आहे, पानावर आहे ते सगळं वाचायचं. शिक्का, तळटीप, कुणी समासात लिहिलेलं, सगळं. न बघणाऱ्या माणसाला काय कळावं हे बघणाऱ्यानं ठरवायचं नाही. आत्याचाच नियम. तीस वर्षं ती वाचणाऱ्याशेजारी पुस्तक घेऊन बसायची. कुणी चुकलं की लाकडावर पेन्सिलीनं तीनदा टकटक. मला तर रोजच.”

“म्हणजे ती ‘हं’ म्हणते, ती तुमची आत्या.”

एक पाऊल दुसऱ्यावर चढलं, थंडी वाजल्यासारखं.

“आत्या गेल्या वर्षी गेली,” तो म्हणाला. “मी एकटाच असतो त्या खोलीत... तुम्हालाही ऐकू येतं?”

त्या ‘ही’ने आम्ही दोघं एका बाजूला झालो आणि उरलेलं शहाणं जग दुसऱ्या.

गुरुवारी तो अर्धा तास थांबला, शुक्रवारी दीड. धाकटीने त्याचं ‘आवाजराव’ असं बारसं केलं. “आवाजराव, चहा घेता, की घसा बसेल?” मी त्याला माझे ग्रंथ वाचलेत का, असं विचारलं. एक वाचला होता. “कसा वाटला?” “मोठ्यानं वाचताना घाम फुटला,” तो म्हणाला, “पण एकही शब्द चुकवायची हिंमत झाली नाही.” पालथ्या बाईला हसता येत नाही असं कुणी समजू नये.

शनिवारच्या भागात ते घडलं. आवाज एका परिच्छेदावरून पुढच्यावर गेला, सफाईने, कुठेही न अडखळता. आणि त्या सांध्यावर—

टक. टक. टक.

लाकडावर. संथपणे. रागाने.

धाकटीला अर्थातच काही ऐकू आलं नाही. तो दुपारी आला. मी नमस्कारही केला नाही.

“काय वगळलंत?”

बोटं आत वळली.

“एक पान,” तो म्हणाला. “तुमची बहीण म्हणाली, ताईला रडू देऊ नका. ग्रंथालयाच्या प्रतीत नंतर घालणारच होतो. नुसतं... तुमच्या भल्यासाठी...” आणि तो थांबला. स्वतःचं वाक्य त्याला स्वतःलाच ऐकू आलं असावं.

“तिच्या नवऱ्यानेही हेच म्हटलं आहे,” मी म्हणाले. माझा आवाज चढला नाही. मी खरी चिडते तेव्हा तो चढत नाही. “प्रस्तावनेत. पान तीन. शब्दसुद्धा हेच.”

पावलं चौकोनातून निघून गेली. दार वाजण्याची मी वाट पाहिली. वाजलं नाही. कापडाची सळसळ झाली, फरशीवर काहीतरी टेकलं, आणि माझ्या चौकोनात हळूहळू एक चेहरा सरकत आला. तो पलंगाखाली उताणा झोपला होता. चष्मा तिरका, कानाशी केस पिकलेले, नजर चुकवायची सवय असलेली. पण ती आत्ता चुकवत नव्हती.

तेवढ्यात धाकटी आली. “अगं बाई! आवाजराव, पडलात की काय?”

“आठवडा झाला,” तो माझ्याकडे बघत म्हणाला.

माझी बहीण जन्मात पहिल्यांदा काही न बोलता खोलीबाहेर गेली.

त्याने ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र छातीवर ठेवलं, पुस्तक डोक्याशेजारी धरलं, आणि मान जराशी वळवून वाचू लागला—

‘आज ह्यांनी माझी चार पानं बाजूला काढली. रागाने नव्हे. म्हणाले, तुलाच त्रास होईल. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला त्यांची माया आली. मारून संपत नाहीत इतक्या बायका मायेने संपतात, आणि त्यांच्या मानेवर वळसुद्धा दिसत नाही.’

माझं रडणं सरळ त्याच्या चष्म्यावर पडलं. टपटप. त्याने ते पुसलं नाही.

पान संपल्यावर आम्ही दोघंही श्वास रोखून थांबलो. टकटक झाली नाही. फक्त खुर्ची मागे सरकल्यासारखा एक आवाज आला, काम आटोपून कुणी उठावं तसा. खोलीतली एकुलती एक खुर्ची धाकटीने सकाळीच बाहेर नेली होती. त्याचे डोळे विस्फारले. मी मान हलवली नाही, हलवायची नव्हतीच.

“ऐका,” मी म्हणाले. “मला आत्ता तुमची माया येते आहे. आणि त्याची मला भीती वाटते.”

“आणि राग?”

“तोही आहे. शाबूत.”

“मग तो असेपर्यंत रोज येतो.”

“आणि गेला तर?”

“तर... पुन्हा एखादं पान वगळून बघेन.”

“हिंमत आहे?”

“नाही,” तो तत्काळ म्हणाला, आणि हसला. उलट्या बाजूने पाहिलेलं हसू फार विचित्र दिसतं. मला ते पुन्हा पाहावंसं वाटलं.

मग त्याने छातीवरच्या यंत्राकडे बोट दाखवलं. बारीक लाल दिवा अजून लागलेला होता.

“बाई, ह्यात तुमचं रडणं आलंय. ठेवू, की कापू?”

“ठेवा,” मी म्हणाले. “आणि तुमचं ते ‘नाही’सुद्धा.”