पडद्यामागून कोण बघतंय?

प्रयोग उद्यावर आला होता आणि कावळ्याने बोलायला साफ नकार दिला होता!

कावळा म्हणजे हातात घालायची बाहुली. सुट्टीतल्या बाहुलीनाट्याच्या शिबिरात त्याला आवाज द्यायची पिपाणी. हे नाव तिला खणखणीत आवाजामुळे पडलं होतं आणि तिचं स्वतःचंही ते लाडकं होतं. पण आज ती गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली होती. उद्या मी येणारच नाही, एवढंच म्हणत होती.

कारण मोबाइलवर होतं. ‘काव काव’ नावाच्या अनोळखी खात्यावरून मुलांच्या ग्रुपवर तिचे फोटो येत होते. कावळ्याचा आवाज काढताना तिचं तोंड वाकडं व्हायचं, डोळे बाहेर यायचे. फोटो नेमके त्याच क्षणाचे. खाली लिहिलेलं, ‘यातली बाहुली ओळखा.’ आणि त्यावर हसणाऱ्यांची ही रांग.

बाबांनी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता ‘दुर्लक्ष कर’ असं सांगितलं होतं. शिबिर घेणाऱ्या बाहुलीकाकूंनीही ‘गंमत असते गं’ म्हणून विषय संपवला होता. दुखणं दुसऱ्याचं असलं की मोठ्यांना औषध कसं पटकन सुचतं!

शिबिरातला वकील मात्र पेटून उठला. वाद घालण्यात तो पटाईत, म्हणून वकील. “उलट उत्तर द्यायचं नाही आणि काही पुसायचंही नाही,” त्याने बजावलं आणि सगळ्या पोस्टचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. “आता बघा. फोटो पडद्याच्या मागून काढलेत. मागे तर आपण तिघंच असतो.”

“आणि तिघांचे दोन्ही हात बाहुल्यांत असतात. फोटो काय पायाने काढणार?” तिघांतल्या सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चलाख गोळीने विचारलं.

रडता रडता पिपाणीला हसू फुटलं.

मग गोळीलाच आठवलं. बाहुल्या धरलेले हात खाली येतात का, हे तपासायला काकू पडद्यामागे बाजूच्या खुर्चीवर आपला फोन उभा करून ठेवायच्या. तालीम चालू असताना तो आपोआप फोटो काढत राहायचा. पण काकू असलं काही करतील, हे कुणालाच पटेना.

शेवटी सापळा ठरला. शेवटच्या तालमीत पिपाणीने आजवरचं सगळ्यांत भयानक तोंड करायचं! ती आधी तयारच होईना. मग नाक पुसून उठली आणि असं तोंड केलं, की गोळीच्या हातातली बाहुली पडता पडता वाचली.

तालीम संपताच काकूंनी फोन चार्जिंगला लावला. गोळी त्याच्यासमोर पहारा देत बसली. फोनला कुणी बोटही लावलं नाही, तरी थोड्याच वेळात तोच फोटो ग्रुपवर हजर!

“काकू, तुमचे फोटो आणखी कुठे जातात?” वकिलाने विचारलं.

काकूंनी सहज सांगून टाकलं, की ते नाटकाचं संगीत वाजवायच्या टॅबलेटवरही आपोआप दिसतात. लॉक वगैरे काही नाही, आपल्यात लपवायचं काय असतं?

वकिलाचा चेहरा उतरला. तो टॅबलेट असायचा त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाकडे. गप्प बसणं त्याला सहज जमलं असतं. तो क्षणभर घुटमळला, मग म्हणाला, “चला. काकू, तुम्हीपण या.”

शेजारच्या खोलीत दादा टॅबलेट घेऊन एकटाच हसत होता. स्क्रीनवर ‘काव काव’चं खातं उघडं होतं. सगळ्यांना दारात पाहून त्याचं हसू विरलं.

“गेल्या वर्षी कावळा माझा होता,” तो कसाबसा म्हणाला. “आवाज फुटला म्हणून मला काढलं. मला वाटलं, चार जण हसतील, बस.”

“तुझे चार जण हसले,” पिपाणी म्हणाली. “माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये.”

दादाला मान वर करवेना. त्याने सगळे फोटो काढून टाकले आणि स्वतःच्या नावाने ग्रुपवर माफी मागितली. काकूंनी दोन्ही घरी फोन करून सगळं कळवलं आणि टॅबलेटला लॉक लावलं.

“लॉक ठीक आहे काकू,” वकील म्हणाला, “पण फोटो काढायच्या आधी तिला विचारलं होतंत का?”

काकू मटकन खुर्चीवर बसल्या. नाही विचारलं, चूक माझीच, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं आणि पिपाणी आली! काकूंनी सवयीने फोन बाहेर काढला, थबकल्या आणि तिच्याजवळ आल्या. “काढू का?”

पिपाणीने विचार केला. “नको.”

काकूंनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि बाहेर जाऊन पालकांनाही फोन खाली ठेवायला लावले. मग कावळा असा ओरडला, की शेवटच्या रांगेतले लोकसुद्धा दचकले आणि पोट धरून हसले.

प्रयोगानंतर बाबा पडद्यामागे आले. त्यांनी तिघांनाही शाबासकी दिली. मग पिपाणीला म्हणाले, “तू सांगितलंस तेव्हाच मी ऐकायला हवं होतं.”

“मग आता ऐक,” ती म्हणाली.

आणि तिने अगदी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाबा जमिनीवर मांडी घालून शेवटपर्यंत ऐकत बसले.