तापलं तर थांबायचं

तवंदीच्या घाटात आमची गाडी पहिल्यांदा थांबली, तेव्हा मी वैतागून रस्त्याच्या कडेला उभी होते आणि कृष्णात सायकल ढकलत चढ चढत होता. जळका वास आला म्हणून तो थबकला. बॉनेट उघडून त्यानं तेल मोजायची लांब पट्टी ओढून काढली, टोकाचं तांबडं तेल हुंगलं आणि आमच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला म्हणाला, "मामा, गियरचं त्याल करपलंय. बाकी कायबी न्हाय."

ती जुनी अमेरिकन गाडी माझ्या वडिलांनी, आप्पांनी, तंबाखूच्या एका चांगल्या वर्षी हौसेनं घेतली होती. क्लच नाही, गियर आपोआप पडणारे. सपाटीला तिचा थाट बघावा, पण चढाला गियरबॉक्सचं तेल तापायचं. कृष्णात बेळगावच्या गॅरेजात शिकलेला. म्हातारा ड्रायव्हर थकला तसा आप्पांनी कृष्णातलाच त्याच्या जागी ठेवून घेतलं.

दर सोमवारी तो मला निपाणीहून बेळगावला कॉलेजात सोडायचा. सोबतीला धोंडूबाई आत्ती. स्तवनिधीच्या देवळापाशी चढावर गाडी तापायचीच. मग गियर मोकळा करायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि तेल गार होईस्तोवर थांबायचं. आत्ती लगेच पदर सावरून निघायची, "थांबलोयच तर दर्शन करून येतो गं." मागं उरायचो आम्ही दोघं... आणि तो जळका वास. मला तो चक्क आवडायला लागला होता.

"आप्पा गाडीत असले की त्याल कसं तापत न्हाय रं?" एकदा मी विचारलंच.

तो पट्टी पुसत राहिला. कान मात्र लाल झाले. "चढाला बारका गियर टाकला की तापत न्हाय, बाईसाहेब."

"मग टाकत का न्हाईस?"

"इसरतो..."

"दर सोमवारी?"

"व्हय —" त्यानं पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघितलं. "दर सोमवारीच इसरतो, चंदना."

त्यानंतर घाटात मी कधी बाईसाहेब झाले नाही. बाकीचा आठवडा मी कसाबसा ढकलायचे. जीव जडला होता माझा त्याच्यावर, दुसरं काय!

पण घाट उतरला की सगळं जागच्या जागी. आमच्या घरी त्याचा चहाचा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असायचा. त्याची आई शेवंताबाई आमच्याच वखारीत तंबाखू निवडायची. त्यांच्या बौद्ध वस्तीतल्या कितीतरी बायकांची चूल त्या वखारीवर पेटत होती. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं, म्हणूनच आम्ही ते बोलत नव्हतो.

परीक्षा झाली आणि माझं लग्न ठरलं. मुलगा आमच्यातलाच, बेळगावचा, कापडाच्या दुकानाचा. साखरपुडा त्यांच्या घरी. आप्पांनी कृष्णातला बजावलं, "त्या दिवशी गाडी घाटात थांबायची न्हाय. काय बसवायचं ते बसीव." त्यानं लॉरीच्या भंगारातला लहान रेडिएटर आणला, गाडीच्या तोंडाशी बांधला आणि गियरच्या तेलाच्या नळ्या त्यातून फिरवायला घेतल्या. वाऱ्यानं तेल गार राहावं म्हणून. तरी चढाला बारका गियर टाकावा लागणारच होता. आप्पा आत गेले तशी मी जवळ गेले.

"माझं बी ऐक," मी हळूच म्हटलं. "त्या दिवशीबी इसर. गाडी थांबली की मी तितंच आप्पांच्या तोंडावर तुझं नाव घेणार. न्हाय थांबली... तर गप जाणार."

त्यानं नळी आवळली. "तू बोलशील, चंदना. दुसऱ्या दिवशी माझी आई वखारीच्या बंद दाराभाईर हुबी असंल. सगळी वस्ती तिच्या मागं..."

"म्हंजे थांबवणार न्हाईस?"

"बगू..." तो म्हणाला.

त्या एका शब्दावर मी पुढचे सगळे दिवस काढले.

साखरपुड्याच्या सकाळी पुढं आप्पा, मागं आत्ती आणि मी. चढ लागला. मी आरशात त्याचे डोळे शोधत होते, ते रस्त्यावरून हलले नाहीत. त्याचा हात स्टिअरिंगखालच्या दांडीकडं गेला — आणि त्यानं बारका गियर टाकला. विसरला नाही. आत्तीनं चालत्या गाडीतूनच स्तवनिधीला हात जोडले. आमची थांबायची जागा आली... गेली. मी काच खाली केली. नुसता गार वारा आत आला. अजून एक वळण आहे, मी मनाला समजावत होते. तेही संपलं.

"वा रं गड्या!" आप्पा खुशीत म्हणाले. "थांबली न्हाय की!"

बेळगावात पाहुण्यांच्या दारात त्यानं माझ्या बाजूचा दरवाजा उघडला. मान खाली, डोळे भरलेले.

"त्याल गार हाय, बाईसाहेब," तो म्हणाला.

मी उतरले. उंबऱ्यावर मला ओवाळलं. तुपाच्या निरांजनाच्या वासात मी तो जळका वास शोधत होते. कुठंच नव्हता.