मृण्मयीताईंची थबक

पुण्यात आता रियाज कोणी करत नाही. शब्द शिल्लक आहे, सत्काराच्या भाषणांत तो येतोही, पण पहाटे शेजारच्यांना त्याचा त्रास होत नाही. गाणं शिकायचं तर एखाद्या ठसाघरात नाव घालायचं, रोज तासभर खुर्चीत बसायचं, डोक्याला तारांची टोपी आणि गळ्याला मऊ पट्टा लावून घ्यायचा, आणि वर्षाच्या आत एखादी गायकी गळ्यावर चढवून बाहेर पडायचं. केस कापून घ्यायला जावं तितक्या सहजपणे लोक जातात.

ठसा म्हणजे नोंद. गाताना मेंदू गळ्याला, जिभेला, श्वासाला जे हुकूम सोडतो, त्यांची. मोठ्या गायकाची ही नोंद एकदा घेतली, की शिकणाऱ्याच्या मेंदूवर ती हलक्या विजेने रोज गिरवायची. माळावरून रोज माणसं चालली की पायवाट पडते, तशी मेंदूतही वाट पडते. पूर्वी ती गुरूसमोर बसून, बोलणी खाऊन, अर्ध्या आयुष्यात पडायची. आता लवकर पडते, एवढाच काय तो फरक, असं ठसाघरवाले सांगतात.

फरक दुसरीकडेच पडला. शहरात कोणी बेसूर उरलं नाही. दर गल्लीत दोन उत्तम गायिका आणि एक उत्तम गायक झाला, आणि ऐकणारे कंटाळले. मैफिलीच्या जाहिरातीत गाणाऱ्याच्या नावाखाली ठसा कोणाचा ते छापून येऊ लागलं. पुणेकर ते वाचून, मध्यंतरापर्यंत थांबून, बटाटेवडा खाऊन घरी जाऊ लागले. अति झालं आणि हसू आलं म्हणतात; इथे हसूही येईनासं झालं होतं.

एकाच गोष्टीसाठी सभागृह अजून भरत होतं. तिला सगळे ‘थबक’ म्हणत.

विदुषी मृण्मयी खांबेटे यांच्या गाण्यात ती होती. तान चढत चढत नीवर यायची, वरचा सा आता लागणार असं वाटायचं, आणि आवाज थांबायचा. बाई समोर बसलेल्या, डोळे उघडे, नजर कुठेतरी लांब. सभागृहात कोणी हलायचं नाही. मग सा लागायचा, आणि माणसं आपण कुठे बसलो आहोत ते पुन्हा आठवल्यासारखी एकमेकांकडे बघायची. थबकेची नक्कल पुष्कळांनी करून पाहिली. पण मुद्दाम थांबलेला माणूस लगेच ओळखू येतो. ताईंनी गाणं सोडलं तेव्हा थबक संपली असंच सगळे धरून चालले होते. मग त्यांनी आपला ठसा एकाच शिष्येला दिला, शर्वाणी काळभोर हिला. शर्वाणीच्या पहिल्याच मैफिलीत थबक आली, खरीखुरी. लोक रडले.

हे सगळं झाल्यावर वर्षभराने, एका दुपारी डॉ. निनाद उत्तूरकर ताईंकडे आले. ताईंचा ठसा त्यांनीच घेतला होता, आणि त्याआधी कितीतरी वर्षं ते पहिल्या रांगेत बसून ताईंचं गाणं ऐकत होते. चहा नको म्हणाले, मग घेतला.

“शर्वाणी आली होती माझ्याकडे,” ते म्हणाले.

“घसा बसला का तिचा?”

“घसा उत्तम आहे. गॅसवर दूध ठेवून समोर उभी होती. दूध उतू गेलं, पातेलं करपलं, ही तिथेच उभी. नवऱ्याने दंडाला धरून हलवलं तर म्हणाली, आत्ताच तर ठेवलंय.”

ताई हसल्या. “माझीही दुधं आयुष्यभर उतू गेलीत, डॉक्टर. गाणारीच्या घरात साय मिळायची नाही.”

“तेच सांगायला आलोय, ताई. तुमचीही दुधं.”

ताईंचं हसणं थांबलं. डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि सावकाश सांगायला सुरुवात केली.

“फेफरं म्हटलं की आपल्याला हातपाय झाडणारा माणूस दिसतो. पण त्याचा एक अगदी लहान प्रकार असतो. माणूस पडत नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही. मेंदूतल्या पेशी एरवी आपापलं काम आपापल्या लयीत करत असतात. या झटक्यात त्या सगळ्या एका ठेक्यावर येतात, आणि सगळ्याच एका ठेक्यावर आल्या की विचार नावाचं काही होत नाही. माणूस समोर बसलेला असतो आणि तिथे नसतो. मग झटका ओसरतो, आणि तो होता तिथून पुढे चालू लागतो. भराभर, खोल श्वास घेतला की हा झटका हटकून येतो. तुमची द्रुत तान म्हणजे श्वासाच्या दृष्टीने दुसरं काय आहे?”

“म्हणजे थबक,” ताई म्हणाल्या.

“हो.”

ताईंनी विचारलं, “ठसा घेताना दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं ना. आलेख समोरच होता. दुसऱ्या कोणाचा असता तर त्याच दिवशी तपासणीला पाठवलं असतं. पण तो तुमचा होता. मला वाटलं, समाधी लागते ती आलेखावर अशी दिसते. परदेशात जाऊन मी त्यावर व्याख्यान दिलं, ताई. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.” डॉक्टर हे थकलेल्या आवाजात सांगत होते, मनात त्यांचं ते पुष्कळदा सांगून झालं असावं. “तुमच्यात ती गाण्यापुरतीच राहिली, एखाददुसरं दूध सोडलं तर. शर्वाणीत आम्ही ती रोज गिरवली. ओल्या लाकडाला फुंकर घालत राहिलं की आधी नुसता धूर होतो. पण आतून ते वाळत असतं, आणि मग एकदा फुंकरीवाचून पेटतं. तिची थबक आता गाण्यावाचून येते. लांबतही चाललीय. हिला वेळेवर आवर घातला नाही, तर एखादी थबक आपणहून संपणार नाही. तशी माणसं मी रुग्णालयात पाहिली आहेत. काही परत येतात, काही नीट परत येत नाहीत.”

“औषध नाही?”

“आहे. साध्या गोळ्या आहेत, जुन्याच. काही दिवसांत थबक जाईल. बाकी गायकीला धक्का लागणार नाही.”

“मग द्या की.”

“ती घेत नाही. तुम्ही सांगितलंत तर घेईल, म्हणून आलो.”

ताईंनी मान डोलावली. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, “मला ती कधी कळलीच नाही, डॉक्टर. मी नीवरून सरळ सावर जात होते. लोक येऊन म्हणायचे, काय थांबता हो. मला वाटायचं, एकूण गाण्यातल्या संथपणाबद्दल म्हणतायत. मग कुणीतरी ध्वनिमुद्रण ऐकवलं. तोवर इतका गाजावाजा झाला होता, की हे माझं मलाच ठाऊक नाही असं सांगणार कोणाला? मुलाखतीत विचारलं की सांगायचे, तिथे परमेश्वर भेटतो. पन्नास वर्षं घासला गळा मी. त्यातली एक जागा लोकांनी डोक्यावर घेतली, आणि त्या जागेवर मी नव्हतेच.”

जाताना डॉक्टर नेहमीसारखे वाकून पाया पडले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी शर्वाणीला बोलावून घेतलं. ती आली, नमस्कार करून समोर सतरंजीवर बसली. ताईंनी विषय काढला तशी म्हणाली, “डॉक्टरांनी सगळं सांगितलंय मला.”

“मग गोळ्या का घेत नाहीस?”

“घेतल्या तर मी काय उरते, ताई? सुरेल बाई. आमच्या सोसायटीतच तीन आहेत तशा. मला बोलावतात ते एवढ्यासाठीच.”

“आणि रस्त्यात आली म्हणजे?”

“स्कूटर विकली मी. गॅससमोर हेच उभे राहतात. तुम्ही गाण्यासाठी दही सोडलंत, लोणचं सोडलंत, लग्नसुद्धा केलं नाहीत. मी अधूनमधून थोडा वेळ सोडते, असं समजा.”

“शहाणपणा नको शिकवूस,” ताई म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. “तुला काय होतं गं तेव्हा? काही दिसतं?”

“काहीच नाही. मी आपली सावर जाते. समोरच्यांचे डोळे भरलेले दिसले की कळतं, येऊन गेली.”

ताईंना तिची फार दया आली, आणि तिच्यापेक्षाही थोडी स्वतःची.

मग शर्वाणी म्हणाली, “रविवारी सकाळची मैफल आहे. तेवढी होऊ द्या. सोमवारपासून गोळ्या, तुमच्या पायाची शपथ. तुम्ही नाही म्हणालात तर गाणार नाही.”

ती गाणार नव्हती, हे खरं होतं. ठसा आला, टोपी आली, तरी गुरूने नको म्हटल्यावर मंचावर बसायचं नाही एवढी एक रीत टिकून होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो ताईंच्या ओठांवर आला होता. पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं. ध्वनिमुद्रणात थबक म्हणजे नुसता आवाज गेल्यासारखं वाटायचं. ज्यासाठी लोक रडले, ती गोष्ट सभागृहात बसून, जागेपणी ऐकायला ताईंना आयुष्यात मिळाली नव्हती. सोमवारनंतर ती कोणालाच मिळणार नव्हती.

“गा,” ताई म्हणाल्या. डॉक्टरांना त्यांनी काही कळवलं नाही.

रविवारी सकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ताईंना पहिल्या रांगेत मधली खुर्ची दिली होती. मागे ओळखीची सगळी मंडळी होती, वर्षानुवर्षं ताईंच्या गाण्याला येणारी, आता केस पिकलेली. शर्वाणीने तोडी लावली. विलंबित छान झालं, जसं सगळ्यांचंच होतं. लोक सभ्यपणे वाट बघत होते. मग द्रुत सुरू झाली, ताना सुटल्या, एक तान चढत चढत नीवर आली, आणि आवाज थांबला.

ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा थबक ऐकली. तंबोरे तेवढे वाजत होते. न लागलेला सा साऱ्या सभागृहाला ऐकू येत होता, लागल्यावर येतो त्याहून स्पष्ट. इतकं सुंदर होतं का हे, असं ताईंच्या मनात आलं आणि त्यांचे डोळे वाहू लागले. त्या सुखात किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही.

थबक आली की तबलजीने ठेका हलका करायचा, पण सोडायचा नाही, गाणारी येईपर्यंत वाट बघायची, हा रिवाज ताईंच्याच साथीदारांनी घातला होता. श्रोत्यांनी आपला वेगळा घातला होता: खोकायचं नाही, वाहवा म्हणायची नाही. तबलजीने एक आवर्तन घेतलं, मग आणखी एक. समेवर येऊन त्याने शर्वाणीकडे पाहिलं आणि भक्तिभावाने पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरुवात केली. तिचा हात तानेबरोबर वर गेलेला, तिथेच राहिला होता. ओठ किंचित हलत होते. दुसऱ्या हाताची बोटं साडीचा काठ चिमटीत धरत होती, सोडत होती, धरत होती. ताईंनी ती बोटं पाहिली.

“शर्वाणी,” त्या म्हणाल्या.

मागून कोणीतरी “शूऽऽ” केलं.

आवर्तनं चालूच होती. ताई खुर्चीचे हात धरून उठल्या. “अगं शर्वाणी. डॉक्टरांना बोलवा कोणीतरी. तिला धरा.” शब्द तंबोऱ्यांच्या आवाजात विरून जात होते. आजूबाजूच्या माना त्रासून त्यांच्याकडे वळल्या, आणि त्या मृण्मयीताई आहेत हे पाहून मऊ झाल्या. म्हातारपणी शिष्येचं यश बघून बाई गहिवरल्या, असं त्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. मागच्या रांगेतल्या एका जुन्या श्रोत्याने त्यांच्या खांद्यावर अलगद हात ठेवला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

“बसा हो, ताई,” तो कानाशी येऊन म्हणाला. “तुमची कधी इतकी लांब गेली नव्हती.”