शेवटचं गाणं संपेना

वायरवर पाय पडला आणि बेंजो मुका झाला.

घोडपदेवला मैत्रिणीची, रुचाची हळद होती. हळदीचं ताट सांभाळत मनवा मागे सरकली, अन् ऐन रंगात आलेलं गाणं तुटलं.

“ओ मॅडम, पाय!”

“वाटेत वायर कशाला टाकता?”

“वाट तुमची आहे हे माहीत नव्हतं…” बेंजोवाला पिन खोचायला वाकला. उठताना कपाळ ताटाला लागलं, पिवळंजर्द झालं. मनवा हसली — आणि तिथेच फसली.

ते गाणं डिस्कोच्या जमान्यातलं. शेजारच्या गंगुबाई नव्या नवरी होत्या तेव्हा रेडिओवर नवंकोरं होतं. गिरण्या गेल्या, कॅसेट गेल्या, टॉवर आले… पण लालबाग-परळात हळदीचा शेवट अजून त्याच गाण्याने. ते लागलं की कुणी बसायचं नाही, संपलं की बेंजो पार्टी निघाली.

आठवडाभर ऑफिस आणि रविवारी तात्यांच्या पार्टीत बेंजो, असा हा अवधूत. लग्नसराईभर दोघं हळदीहळदीला भेटत राहिली. चहा झाला, फोन झाले, भांडणंही झाली. लग्नाचं विचारायचं तेवढं राहिलं…

आज लालबागला, मनवाच्याच चाळीत, स्पृहाची हळद. सकाळी तो तारा जुळवत असताना मनवा हळूच म्हणाली, “उद्या ठाण्याचा मुलगा बघायला येतोय. आईला शब्द दिलाय… मनात दुसरं कुणी नसेल तर हो म्हणेन.”

त्याची खाली मान. तार मात्र तुटेल इतकी ताणलेली.

दुपार कलली. शेवटचं गाणं सुरू झालं. गंगुबाई गुडघा धरून नाचायला उतरल्या. मनवा मुद्दाम पाठ करून नाचत होती, डोळे चुरचुरत होते. हे संपलं की टेम्पो निघणार, माझगावची पुढची ऑर्डर थांबलेली…

तात्यांनी बंद करायला हात वर केला.

अवधूतने मुखडा पुन्हा धरला.

तात्यांनी डोळे वटारले. पुन्हा हात. पुन्हा मुखडा! बेंजो थांबेना म्हणून ढोल थांबेना, ढोल थांबेना म्हणून माणसं. मनवा वळली, तशीच त्याच्याजवळ गेली.

“वेडा झालास? बंद कर!”

“हे संपलं की तू जाशील.”

“मग?”

“लग्न करशील माझ्याशी? सांग, मग थांबतो.”

ढोलाच्या वर तिने आवाज चढवला. “सकाळी तोंड शिवलं होतं का तुझं?”

“घाबरलो गं…”

“आणि आता?”

“आता जास्त.”

“आई बघतेय, अवधूत. उद्या ते पाहुणे —”

“त्यांना पोहे दे. मला उत्तर दे.”

“अगं बये, काय द्यायचं ते दे एकदाचं!” गंगुबाई ओरडल्या. “माझा गुडघा गेला!”

आई खरंच बघत होती. हळदीचे हात तसेच अधांतरी, चेहरा वाचता येईना. मनवाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या तारांवरच्या बोटांकडे. मग पाय उचलला, आणि नीट बघून, वायरवर दिला.

बेंजो मुका. ढोल बावरून थांबला. सगळी चाळ गप्प.

“हो,” ती म्हणाली. त्या शांततेत ते पार वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

आई पुढे आली. ओल्या हळदीचं एक बोट तिने अवधूतच्या कपाळावर ओढलं.

“हळदीचं गाणं असं अर्धवट सोडू नये रे,” ती म्हणाली. “पिन लाव.”